नाकातली नळी, पोटातली नळी

जऊळका,
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय रीता,

जय भीम.

वॉर्डातून निघताना तू म्हणाली होतीस, "ताई, फोन नको करू, पत्र लिहिजो." तेव्हा मला हसू आलं होतं. त्यानंतर आपण दोनदा फोनवर बोललो आणि दोन्ही वेळा नुसत्या रडलो. त्यात तुमच्या तांड्यावर रेंज नाही, म्हणून तू टेकडीवर चढून रडत होतीस. पत्र बरं. आधी रडून घेता येतं, मग लिहिता येतं.

बादल कसा आहे? नागपूरच्या वॉर्डातल्या आपल्या शेजारशेजारच्या खाटा अजून डोळ्यांपुढे येतात. तुझ्या बादलचं पोटातल्या नळीचं ऑपरेशन आधीच झालेलं, तो तपासणीसाठी भरती, आणि माझी खेमा पुन्हा न्यूमोनियानं आलेली. तू त्याच्या नळीला सिरिंज लावून दूध सोडायचीस आणि तो तुझ्याकडे बघून हसायचा. मला त्या दुधाचं नवल नव्हतं. मी त्याच्या हसण्याकडे बघत बसायचे.

कारण माझं काय झालंय ते ऐक. खेमाला गिळता येत नाही, दूध छातीत उतरतं, म्हणून तिला नाकातून नळी आहे, हे तुला ठाऊकच आहे. ती नळी बदलायची असली की प्रसेनजित डोकं धरतो, सासूबाई हात धरतात आणि नळी सारते मी. नर्सबाईंनी मलाच शिकवलं, दुसऱ्या कोणाचा हात धजत नाही. आता मी नुसती खोलीत शिरले तरी पोरगी ओठ काढते. बापाला बघून हसते, आजोबांना बघून हसते, अगं दूधवाल्याला बघूनसुद्धा हसते. मला बघितलं की मान फिरवून रडायला लागते. दोन वर्षांची लेक, आणि तिला जगात सगळ्यात जास्त भीती वाटते ती आईची. हे मी कोणाला सांगू? तुला सांगते.

डॉक्टर म्हणतात, बादलसारखंच ऑपरेशन करून घ्या, नाकातली नळी कायमची निघेल. सासूबाई म्हणजे भागिरथाबाई म्हणतात, "आपल्या घरात कोनाच्या पोटाले टाका नाही लागला, अन् या चिमणीच्या पोटाले भोक?" सासरे माणिकराव करा म्हणतात. प्रसेनजित म्हणतो, तू आई आहेस, तू ठरव. असा शहाणा नवरा कोणाला देऊ नये.

तू खरं काय ते सांग. गोड लिहू नकोस.

तुझी,
स्नेहा

—

तांडा, ता. मानोरा
१७ नोव्हेंबर

स्नेहाताई,

जय सेवालाल. पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि सासूलाही वाचून दाखवलं, कारण आमच्या घरात वाचता येणारी मी एकटीच. आश्रमशाळेतली दहावी अशी कामाला आली.

घरचं सांगते. लखीराम ऊसतोडीला गेले. लग्नापासून दरसाल मीही जायची, यंदा बादलमुळे पहिल्यांदा मागं राहिले. आम्हा नवराबायकोत फोन एकच, तो ते घेऊन गेले. इथं मी, सासू सोनीबाई, दीर जगदेव आणि सासूच्या चार बकऱ्या. त्या बकऱ्यांचा आमच्यापेक्षा जास्त मान आहे.

तू गोड लिहू नको म्हणालीस, तर कडू आधी लिहिते. सुरुवातीला नळीच्या कडेनं पाणी यायचं, कातडी लाल व्हायची. रोज पुसायचं, कोरडं ठेवायचं. सासू हळद भरायला निघाली होती, मी तिचा हात धरला. पोटावर झोपू द्यायचं नाही, तर हा बरोबर पोटावरच सरकतो. बघायला येणारे सगळे आधी अंगरखा वर करून नळी बघतात, मग पोराचं तोंड.

आता गोड. त्याला पावसाळ्यापासून एकदाही ताप नाही. मांड्या भरल्या. दूध द्यायला पूर्वी माझा सगळा दिवस जायचा, आता भाकरी भाजता भाजता होतं. डॉक्टरांनी चाटण्यापुरती परवानगी दिली आहे, तर सासू बोटाला गूळ लावते आणि तो मोठ्या माणसासारखा विचार करत चाटतो.

आणि भोक भोक म्हणू नको. सासू त्याला दुसरं तोंड म्हणते. शेजारणीनं नाक मुरडलं तर तिला म्हणाली, "तुले एकच हाय अन् तेच आवरत नाइ, माह्या नातवाले दोन हायेत."

ताई, करून टाक.

तुझी,
रीता

—

जऊळका,
२६ नोव्हेंबर

प्रिय रीता,

दुसरं तोंड! हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत, पण संध्याकाळी खेमाच्या पोटावरून हात फिरवत बसल्या होत्या. सोनीबाई मावशींना माझा नमस्कार सांग.

तारीख मिळाली आहे. १३ जानेवारी. प्रसेनजितनं वाशीमच्या शोरूममधून सुट्टी मागितली. मालक म्हणाला, लेकरापुढे काय, जा. म्हणजे सगळं ठरलं.

पण एक भीती जात नाही. ती नळी निघाली तर? डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, एक जादा नळी बरोबर देऊ, निघाली तर जवळचा दवाखाना गाठा, उशीर केला तर पोटातली नळीची वाट बुजते. आता आमच्या घरापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता त्यांनी पाहिला आहे का? मी रोज मनातल्या मनात ती नळी काढते आणि रोज खेमाला घेऊन धावते. नाकातली निघाली तर मी परत घालते. पोटातली निघाली तर मी काय करू?

बादलची कधी निघाली का गं? तुझ्या या उत्तरावर माझं सगळं अडलं आहे. लवकर लिही.

स्नेहा

—

जऊळका,
१८ डिसेंबर

प्रिय रीता,

माझं पत्र मिळालं नाही का? पोस्टमन आला की मी ओसरीवर येते, तो लांबूनच हात हलवतो. लखीरामभाऊंचा फोन लावला, बंद आहे. रोज लावते, रोज बंद.

मी काही चुकीचं विचारलं का? की तुम्ही सगळे उसाकडे गेलात? दोन ओळी लिही. बादल बरा आहे एवढंच लिही.

स्नेहा

—

जऊळका,
२७ डिसेंबर

आदरणीय सोनीबाई मावशी,

मी खेमाची आई. हे पत्र रीताला इतक्यात दाखवू नका, शेजारच्या कोणाकडून तरी वाचून घ्या.

प्रसेनजितच्या शोरूममध्ये मानोऱ्याकडचं एक गिऱ्हाईक आलं होतं. बोलता बोलता त्यानं सांगितलं की तुमच्या तांड्यावरचं पोटाला नळी असलेलं लेकरू रक्तानं भरलेलं असताना गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. पुढचं त्याला माहीत नव्हतं. तुमच्याकडून पत्र नाही, फोन बंद. पुढचं आम्ही समजलो.

मावशी, काय लिहू? तुमचा बादल माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. वॉर्डात माझी खेमा रडायची तेव्हा तो शेजारच्या खाटेवरून टाळ्या वाजवायचा. रीतानं मला धीर दिला, आणि तिच्यावर ही वेळ आली तेव्हा मी इथं बसून पत्राची वाट बघत होते, याची मला लाज वाटते.

रविवारी आमच्या विहारात सासूबाईंनी त्याचं नाव घेतलं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील झालं आणि सगळ्या बाया त्याच्यासाठी दोन मिनिटं उभ्या राहिल्या. आमच्या शेजारच्या रुपाबाईंनी त्याला कधी पाहिलंही नाही, तरी त्यांना रडू आवरत नव्हतं.

खेमाचं ऑपरेशन आम्ही रद्द करतो आहोत. नाकातली नळी आहे ती राहू दे. ती माझ्यावर रडली तरी चालेल, पण असू दे.

रीताला सांभाळा.

तुमची,
स्नेहा

—

तांडा,
२ जानेवारी २०२५

स्नेहाताई,

बादल जिवंत आहे.

हे आधी लिहिलं, आता श्वास घे आणि बस. मी ही ओळ लिहीत असताना तो चमच्यानं ताट बडवतो आहे. इतका आवाज करतो आहे की मला सुचत नाही.

शेजारच्याकडून वाचून घ्या म्हणतेस! पोस्टमननं पत्र सासूच्या हातात दिलं, सासूनं सरळ माझ्या हातात. मी अंगणात बसून मोठ्यानं वाचत गेले. "रीताला इतक्यात दाखवू नका" इथंच मला ठसका लागला. पुढं मेणबत्तीपर्यंत आले तेव्हा सासू ताडकन उठली. "जित्त्या लेकराले मारून राह्यल्या ह्या बाया!" तिनं बादलला उचलून त्याच्यावरून मीठ-मिरची ओवाळली, चुलीत टाकली, आम्ही सगळे खोकलो. मग थोड्या वेळानं मला विचारते, "किती बाया उभ्या होत्या वं?" मी म्हटलं, सगळं विहार. तिनं बादलला मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "आपलं कोन लागते ते? तरी उभ्या राह्यल्या." आणि पदर डोळ्याला लावला.

आता त्या गिऱ्हाइकानं अर्धवट सांगितलेलं मी पुरं सांगते. नळी निघाली होती. आणि ती बकरीनं काढली.

हसू नको. बादल सकाळच्या उन्हात गोधडीवर पडला होता. नुकतंच दूध दिलं होतं, नळीचं टोक मी अंगरख्यात खोचायला विसरले. सासूची लाडकी हरणी आली, दुधाचा वास लागला, आणि टोक चघळत उभी राहिली. मी ओरडले. माझ्या ओरडण्यानं बकरी बिथरली आणि तोंडातली नळी घेऊन पळाली. बादलनं असा टाहो फोडला की पूर्ण तांडा गोळा झाला. रक्त आलं, पण बोटभर कपडा भिजेल इतकंच. त्यातलं बाकीचं रक्त त्या गिऱ्हाइकाच्या पदरचं आहे.

मी काय केलं सांगते, कारण तू हेच विचारलं होतंस. भोकावर स्वच्छ कपडा धरला. खुंटीवरची पिशवी काढली, त्यात डॉक्टरांनी दिलेली जादा नळी होती. जगदेवच्या गाडीवर बसले. मानोऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तीच नळी घातली. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर झालं होतं! मग पोटाचा फोटो काढायला पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवलं, नळी जागेवर आहे हे बघितलं, आणि त्याच दिवशी त्याला दूध सुरू झालं. येताना तो माझ्या मांडीवर घोरत होता. रडत होते मी आणि सासू. सासू तर निम्मी बकरीसाठी रडत होती, कारण जगदेव तिला विकायला निघाला होता.

मग पत्र का नाही लिहिलं? तुझं पत्र आलं आणि मी लिहायला बसणार तोच हे झालं. तू विचारलं होतंस, नळी कधी निघाली का. खोटं लिहवेना. खरं लिहिलं तर तू तारीख सोडशील असं वाटलं. म्हणून ठरवलं की तेरा तारीख जाऊ दे, मग सगळं सांगू. आणि मी गप्प बसले म्हणून तू तारीख सोडलीस. माझ्यासारखी अक्कलवान तांड्यात दुसरी नाही. लखीरामचा फोन पाटाच्या पाण्यात पडला, त्यात माझा दोष नाही.

ताई, तुला ज्याची भीती वाटते ते माझ्या घरी होऊन गेलं. वाईटात वाईट जे होतं ते एक बकरी, एक कपडा आणि गाडीवरचा एक फेरा, एवढंच निघालं. मला पण ते आधी माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून तुला सांगते. जा. तारीख सोडू नको.

पोस्टावर भरवसा नाही म्हणून पत्र जगदेवच्या हाती देते. त्याच्या मोबाइलमध्ये बादल आहे. सगळ्यांना दाखव, त्या रुपाबाईंना आधी.

तुझी,
रीता

—

जऊळका,
३ जानेवारी

रीते,

जगदेवभाऊ ओसरीवर जेवत आहेत, तेवढ्यात लिहिते. त्यांना इतका आग्रह होतो आहे की त्यांना परत गाडीवर बसता येईल की नाही शंका आहे.

त्यांनी दारात येऊन "तांड्यावरून आलो" म्हटलं आणि आमच्या घरात रडारड सुरू झाली. बिचारे हातात मोबाइल धरून "अवो बाई, पाहा तं खरं!" म्हणत होते आणि कोणी बघायला तयार नव्हतं. शेवटी मोबाइलमधून ताटाचा आवाज आला. मी बघितलं. रीता, मी तो मोबाइल छातीशी धरला आणि खाली बसले. तुला शिव्या देणार आहे, पण आज नाही. आज मला इतकं हलकं वाटतं आहे की शिवी सुचत नाही.

माणिकराव तुझं पत्र वाचत बकरीपर्यंत आले आणि हसून हसून त्यांना पाणी द्यावं लागलं. रुपाबाई मात्र रागावल्या आहेत, म्हणतात माह्ये अश्रू वापस द्या. सासूबाई चिंतेत पडल्या, "आता इहारात काय तोंड दाखवू?" सासरे म्हणाले, "परत उभं कर सगळ्याइले. या बारीनं टाळ्या वाजवायले." त्या खरंच तसं करणार आहेत.

तारीख. मी प्रसेनजितला म्हटलं, आपण रद्द केली, आता पुन्हा कधी मिळेल? तो भिंतीकडे बघायला लागला. मी म्हटलं, काय झालं? म्हणाला, "म्या फोनच नाई केला." काहून? "उद्या करतो, उद्या करतो म्हनून राह्यलो." इतके दिवस मला वाटत होतं, याला काही ठरवता येत नाही. यानं तर कधीच ठरवलं होतं, आणि माझं मन वळण्याची वाट बघत होता. मी त्याच्यावर ओरडले. मग सगळ्यांदेखत रडले. तो म्हणाला, बॅग भरू का?

आम्ही जातो आहोत.

स्नेहा

—

नागपूर, वॉर्डातून
१६ जानेवारी

प्रिय रीता,

झालं. सोमवारी सकाळी तिला आत नेलं आणि दुपारी बाहेर आणलं. मधल्या वेळात प्रसेनजित किती चहा प्यायला ते त्यालाच माहीत. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, छान झालं, आणि मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

काल पोटातल्या नळीतून थोडं पाणी दिलं, आज दूध. उतरलं. खोकला नाही, धाप नाही. नाकातली नळी काढली. रीता, मला माझ्या लेकीचं नाक विसरायला झालं होतं. गालावर चिकटपट्टीची लाल खूण आहे, बाकी पूर्ण चेहरा मोकळा. प्रसेनजितसारखं नाक आहे, थोडं बसकं. मी बघतच राहिले.

पण मी जवळ गेले आणि तिनं मान फिरवली. तशीच, पूर्वीसारखी. मला वाटलं होतं नळी गेली की भीती जाईल. तिला कुठं कळतं नळी गेली ते? तिला आई तेवढी कळते. सगळे मला म्हणतात, आता तरी हस. मी हसते. माझी लेक वाचली याचा आनंद खोटा नाही. पण संडासात जाऊन रडून आले.

बादलला किती दिवस लागले गं?

स्नेहा

—

तांडा,
२४ जानेवारी

स्नेहाताई,

सासूनं गूळ वाटला. तांड्यात आता खेमाला सगळे ओळखतात. एकीनं मला विचारलं, ती बकरीवाली का? मी म्हटलं, नाही, ती दोन मिनिटंवाली.

बादलला वेळ लागला होता. तू पाहिलास तो हसणारा बादल, त्याच्या आधीचा तू पाहिला नाहीस. त्याच्याही नाकातली नळी मीच सारायची, म्हणून मला बघितलं की तो मुठी आवळायचा. मी काय केलं सांगू? दूध द्यायचं काम सासूला दिलं. पुसणं, पट्टी लावणं सगळं तिलाच. आणि मी त्याच्याजवळ नुसती बसले. हातात काही नाही. वाटी नाही, कापूस नाही. आपल्यासारख्या बायांना हे लई जड जातं. हात रिकामे ठेवून बसणं म्हणजे पाप केल्यासारखं वाटतं. पण बस. प्रसेनजितदादाला दूध सोडायला शिकव. सिरिंज उंच धरायची, आपोआप उतरतं, दाबायचं नाही.

तू जवळ गेलीस आणि काहीच झालं नाही, असं पुष्कळदा व्हायला पाहिजे. मग तिला कळेल.

आणि नळीचं टोक अंगरख्यात खोच.

तुझी,
रीता

—

जऊळका,
२० फेब्रुवारी

प्रिय रीता,

उशीर झाला, पण तुझ्यासारखा नाही.

घरी आल्यापासून खेमाचं दूध प्रसेनजित देतो, तो शोरूमला गेला की सासूबाई. भोक म्हणून नाक मुरडणाऱ्या सासूबाई आता सिरिंज अशी धरतात जणू जन्मभर हेच केलं. वर कोणी आलं की शिकवतात, "दाबायचं नसते बाई, आपोआप जाते." खेमा गुबगुबीत होते आहे. रात्री झोपते. आम्हीही झोपतो. पहिल्या आठवड्यात घर इतकं शांत होतं की माणिकराव उठून तिचा श्वास बघून यायचे.

मी तू सांगितलंस तसं केलं. हात मांडीवर ठेवून तिच्या गोधडीजवळ बसायचे. सुरुवातीला ती रडायची, मी उठायचे. मग रडायची नाही, नुसतं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची, पोलिसानं बघावं तसं. मग बघणंही सोडून दिलं आणि माझ्या बांगड्यांशी खेळायला लागली. माझ्याशी नाही, बांगड्यांशी. मी म्हटलं, चालेल.

काल दुपारी अशीच बसले होते. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मागून रडण्याचा आवाज आला. वाटलं, नळी ओढली गेली. तेवढ्यात सासूबाईंची हाक आली, "स्नेहा! अवं स्नेहा, पोट्टी रडून राह्यली!" मी धावले. म्हटलं, काय झालं, नळी? सासूबाई मधोमध उभ्या, डोळ्यांतून पाणी, आणि हसताहेत. "नळीले काई नाई झालं. तू गेली म्हनून रडून राह्यली वं! दाराकडं पाहून रडून राह्यली!"

माझा विश्वास बसेना. मी दारातच उभी राहिले. खेमा माझ्याकडे बघत होती, तोंड लाल, हात पुढे. मी जाऊन उचललं. तिनं मान माझ्या खांद्यावर टाकली आणि गप्प झाली. सासरे बाहेरून आले, विचारायला लागले की सगळ्या काहून रडता. वरण करपलं, कोणी उठलं नाही.

मग मी एक वाईट गोष्ट केली, ती फक्त तुला सांगते. तिला गोधडीवर ठेवलं आणि मुद्दाम पुन्हा उंबऱ्यापर्यंत गेले.

पुन्हा रडली.

तुझी,
स्नेहा